टाकोत चूक कोण काढणार?

साशंक : काका, सरळ विचारते. पाचोऱ्यात चांगलं मेक्सिकन खाणं मिळतं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. आपल्याकडच्या कॅफेंच्या मेन्यूकार्डावर आता मेक्सिकन सँडविच असतं, मेक्सिकन पिझ्झा असतो, रॅप असतो, नाचोज असतात. काहीही मागवा, कोबी, सिमला मिरची, उकडलेले स्वीट कॉर्नचे दाणे, मेयोनीज आणि वर प्रोसेस्ड चीज एवढंच पुढ्यात येतं. जळगावला मोठ्या हॉटेलात गेलात तर बशी मोठी आणि चीज जास्त, एवढाच फरक. रॅपची पोळी मैद्याची असते याला माझी हरकत नाही. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडे, गव्हाच्याच पोळ्या खातात. पण या बशीत मेक्सिकोतल्या कुठल्या घरचं काही आहे का? नाचोज हा १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावातल्या हॉटेलात, पलीकडून आलेल्या गिऱ्हाइकांसाठी झालेला पदार्थ. टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी. तिचा कडक, कुरकुरीत प्रकार जगभर नेला तो अमेरिकेतल्या साखळी हॉटेलांनी. त्यांतली टाको बेल २०१० मध्ये बंगळुरूला आली आणि त्या धर्तीचे पदार्थ हळूहळू आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत उतरले. वाटेत मका गळला, मिरची गळली, 'मेक्सिकन' हे नाव तेवढं राहिलं. जे मिळत नाही ते मिळतं असं सांगू नये, इतकंच माझं म्हणणं.

हौशी : हॉटेलाबद्दल तू बोलतेस ते मला मान्य आहे. पण तू चुकीच्या दारात उभी राहून विचारते आहेस. बाजारात चल. मिरची आणि टोमॅटो तिकडून आले हे आता शाळेतली पोरंही सांगतात, त्यात मी वेळ घालवत नाही. राजगिरा घे. तो मुळात मेक्सिकोत माणसाळवलेला. तिथे त्याच्या लाह्या फोडतात, मधात किंवा उसाच्या गुळासारख्या ढेपेच्या पाकात घालतात, थापतात आणि वड्या पाडून रस्त्यावर विकतात. अलेग्रिया म्हणतात त्याला. आपल्या किराणा दुकानात एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिऱ्याच्या वड्यांची पाकिटं टांगलेली असतात ना, ती अलेग्रियाशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत. त्या देशात राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश सत्ता आली, धर्माच्या नावाखाली त्या पिकावरच गदा आली आणि त्याची शेती आटली. इकडे आपण त्याच धान्याला उपासाच्या ताटात मानाची जागा दिली. आता लिंबू घे. आपल्या जिल्ह्यातल्या बागांतलं कागदी लिंबू इंग्रजीत 'मेक्सिकन लाइम' म्हणून ओळखलं जातं. ते आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं आणि तिथल्या टाकोवर पिळायला तेच हवं असतं. डांगर, राजमा, पपई, सीताफळ, जांब, सगळं अमेरिका खंडातलं आणि सगळं तिथल्या बाजारात आहे. बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा त्याच कुळातला. तिथे त्याची पानं काटे काढून भाजतात आणि फळं सोलून खातात. आपणही लहानपणी ती लाल बोंडं खाऊन जीभ रंगवलीच आहे. चांगलं मेक्सिकन खाणं शोधायचं तर ते भाजीबाजारात सुट्या रूपात आहे, फक्त एकत्र आणायचं आहे.

साशंक : हे ऐकायला गोड आहे, पण यातून भलतंच निष्पन्न होतं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश जहाजं जात होती. त्या वाटेने आंबा गेला, आणि मेक्सिकोत आजही एका आंब्याचं नाव मनिला आहे. चिंच तर तिथे इतकी रुजली की चिंचेचं सरबत रस्तोरस्ती मिळतं. म्हणून ते सरबत पिणारा मेक्सिकन माणूस भारतीय खाणं खातोय असं आपण म्हणतो का? राजगिऱ्याची वडी एकादशीला खाल्ली जाते तेव्हा ती आपलीच असते. पाकसंस्कृती वस्तूंत नसते काका, ती रीतीत असते. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवजातीच्या वारशात घेतली तेव्हा नुसती पदार्थांची यादी नव्हती केली. मका, घेवडा आणि डांगर एकाच शेतात लावायची मिल्पा ही पद्धत, चुन्याच्या पाण्यात मका शिजवायची रीत, दगडी पाटा, हे सगळं मिळून त्यांनी ते मानलं.

त्यातही चुन्याची रीत हा पाया आहे. कोरडा मका दळला तर पीठ भुसभुशीत राहतं, चिकटत नाही. चुन्यात शिजवला की दाण्याचं साल सुटतं, पीठ लोण्यासारखं मळलं जातं, आणि मक्यात बांधून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं मोकळं होतं. युरोपने मका उचलला, ही रीत नाही उचलली. मग उत्तर स्पेन आणि इटलीतल्या ज्या गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर होतं, त्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलली जाई, पोट बिघडे, शेवटी डोकं फिरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही हजारो माणसं त्याने गेली. दाणा पोचला होता, त्याच्यामागचं शहाणपण पोचलं नव्हतं. तुम्ही बाजारात दाखवता ते दाणे आहेत. शहाणपण कुठे आहे?

हौशी : चुना तर पानटपरीवर आहे! थट्टा करत नाही, मी घरी करून पाहिलंय, म्हणून नीट सांगतो. भुसाऱ्याकडून एक किलो मका घेतला, खायचा. बियाण्याच्या पिशवीतला नव्हे, त्याला औषध चोळलेलं असतं, तो कुणी चुकूनही वापरू नये. मका निवडून धुतला. पातेल्यात मक्याच्या वर चार बोटं पाणी घेतलं, त्यात खायचा भिजवलेला चुना दोन लहान चमचे कालवला. मका टाकला तसा काही मिनिटांत पाण्याला आणि दाण्यांना हळदीसारखा रंग चढला. उकळी आल्यावर आच कमी करून पाऊण तास ठेवला. दाणा बोटांत चिमटला तर साल सरकतं आणि आत मधोमध कच्चा ठिपका दिसतो, तिथे थांबायचं. पुढे शिजवलं तर लापशी होते. झाकून रात्रभर ठेवला. सकाळी दोन्ही हातांनी चोळला, तशी सालं जेलीसारखी सुटून आली. तीन-चार पाण्यांतून धुतला. आणि मग अडचण आली ती ही, की गिरणीवाला ओला मका घेत नाही, त्याचे दगड बसतात. मिक्सरमध्ये पाणी फार लागतं आणि पीठ पातळ होतं. शेवटी पाटा धुऊन काढला आणि पाट्यावर वाटला. वाटताना वास बदलत जातो. आधी नुसता उकडलेल्या कणसाचा, मग पावसात भिजलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीचा.

गोळा करून दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये पोळपाटावर ताटलीने दाबला. कडेला भेग नाही! मक्याची भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला विचार, कडेची भेग हीच तिची रोजची लढाई असते. तापल्या तव्यावर टाकली, दोनदा उलटली आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर टम्म फुगली. आत शेतातून आणलेली डांगराची फुलं, कांदा आणि हिरवी मिरची परतून घातली. मेक्सिकोत ही फुलं अशीच खातात. वर टोमॅटो, लसूण आणि मिरची तव्यावर काळी होईपर्यंत भाजून खलबत्त्यात ठेचलेली चटणी, कोथिंबीर, लिंबू. चीज नाही, मेयोनीज नाही. घरात माझ्या सूनबाईला पिझ्झा आवडतो, तिने शेवटचा तुकडा पुसून खाल्ला. आता सांग, हे पाचोऱ्यात मिळालेलं चांगलं मेक्सिकन खाणं आहे की नाही?

साशंक : तुम्ही पाट्यापर्यंत गेलात याचा मला खरोखर आदर वाटतो. मेन्यूकार्ड छापणाऱ्या कुणी इतकं केलेलं नाही. पण मला दोन गोष्टी सलतात. पहिली, मका कुठला होता? बाजार समितीत ढीग लागतात ते पिवळ्या संकरित मक्याचे. तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो, दोंडाईच्यासारख्या ठिकाणी स्टार्चच्या कारखान्यात जातो, आणि अलीकडे इथेनॉलला जातो. त्याची निवड एकरी उतारा बघून झाली. माणसाच्या तोंडाला तो कसा लागतो हे निवड करताना कुणी पाहिलंच नाही. मेक्सिकोत पन्नासाहून अधिक स्थानिक वाण आहेत, पांढरे, निळे, लाल. कुठला पोळीला, कुठला लाह्यांसारखा फुलवून रश्शात घालायला, हे पिढ्यान्‌पिढ्या रांधणाऱ्या बायकांनी ठरवलं. तिथल्या माणसांचा त्या दाण्यावर एवढा जीव आहे की २०२५ मध्ये जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी थेट राज्यघटनेत घातली गेली. मक्याच्या कणसावर काणी पडते ना, आपण कणीस उपटून जाळतो. तिथे ती काणी भाजी म्हणून विकायला बसतात आणि लोक हंगामाची वाट बघतात. इतक्या खोलवर जे मुरलं आहे, त्याच्यापुढे एक किलो पोल्ट्रीचा मका म्हणजे फारच लांबची ओळख झाली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या घरात कुणी म्हणालं का, 'आज जाड झाली', 'चुना जास्त पडला', 'चटणी कमी भाजली'? नाही म्हणालं, कारण कुणाला म्हणताच येणार नव्हतं. भरताचं बघा. पाचोऱ्यात हिवाळ्यात भरीत करा आणि बामणोदची हिरवी-पांढरी मोठी वांगी न घेता काळी वांगी घ्या, पऱ्हाट्यांवर न भाजता गॅसवर भाजा. पहिला घास घेतल्याबरोबर पंगतीतला लहान पोरगाही तोंड वाकडं करील. त्याला कुणी शिकवलं नाही, तरी त्याला कळतं. हीच गोष्ट कळण्याच्या भाकरीची, शेवभाजीची, खापरावरच्या मांड्यांची. चांगलं खाणं तिथेच टिकतं जिथे चूक काढणारे खाणारे असतात. आचारी कितीही गुणी असो, समोर चूक काढणारं कुणी नसेल तर तो हळूहळू चीज वाढवत जातो. आपल्या कॅफेतल्या टाकोचं तेच झालं. तिथला स्वयंपाकी वाईट नाही, त्याला कुणी टोकत नाही. पाचोऱ्यात टाकोत चूक कोण काढणार?

हौशी : प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. पण खाणारा जन्मतःच तयार नसतो. तुला गव्हाची गोष्ट सांगतो. १९६६ मध्ये आपल्या देशाने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. लेर्मा रोहो, सोनोरा ६४ अशी वाणं. बुटकी, न लोळणारी, खताला दाद देणारी. आज पाचोऱ्यात घरोघर जी पोळी लाटली जाते, तिच्या गव्हाच्या वंशावळीत कुठेतरी ते मेक्सिकन रक्त आहे. पण ते बियाणं आलं तेव्हा दाणा लाल होता, पोळी तांबूस व्हायची, आणि लोकांना पसंत पडेना. मग आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकन साहित्यातून पिवळसर दाण्याची निवड केली. कल्याण सोना आणि सोनालिका त्यातूनच आल्या. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत सोनोरा ६४ वर किरणांचा मारा करून शरबती सोनोरा काढला. म्हणजे मेक्सिकोहून आलेली वस्तू इथल्या तोंडाने बदलून घेतली आणि आपली करून टाकली. मक्याचंही तसंच होऊ दे ना.

साशंक : काका, तुम्ही माझ्याच बाजूचा सर्वांत मोठा पुरावा दिलात. लाल गहू का चालला नाही? कारण पोळी कशी दिसायला हवी, कशी लागायला हवी, हे घराघरांत पक्कं ठाऊक होतं. पोटाला कमी होतं तरी लोकांनी नाक मुरडलं, आणि त्या नापसंतीपुढे देशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना मान तुकवावी लागली. गहू सुधारला तो चूक काढणाऱ्यांमुळे. टाकोच्या बाबतीत आपण आंधळे आहोत. समोर येईल ते खातो, फोटो काढतो, उठतो. आणि बदलून घेण्याचं म्हणाल, तर बदलायला आधी मूळ ठाऊक लागतं. पोळी आपली होती आणि गहू परका होता. इथे तर पदार्थही परका आणि दाणाही निम्मा परका.

हौशी : मग ठाऊक करून घ्यायचं कसं? मेक्सिकोतही सगळं मूळचं नाही. तिथला आज सर्वांत लाडका टाको, उभ्या सळईवर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा, तो लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून पुएब्ला शहराच्या बाजूला घडला. आणि आपल्याच माणसांचं उदाहरण देतो. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. युबा सिटीच्या बाजूला अशी कितीतरी घरं होती. एका चुलीवर रोटी आणि तोर्तिया म्हणजे मेक्सिकन पोळी, एका भांड्यात कढी आणि घेवडा. तिथल्या एका कुटुंबाच्या हॉटेलात रोटीत चीज भरून केलेला केसादिया वर्षानुवर्षं विकला जात होता. तो खोटा होता का? मी म्हणतो, तो पुरेपूर खरा होता.

साशंक : पुरेपूर खरा होता. आणि का होता ते बघा. लेबनॉनचा माणूस पुएब्लात येऊन राहिला, त्याचे शेजारी तोर्तियावर वाढलेले होते. पंजाबी नवऱ्याच्या समोर मेक्सिकन बायको बसलेली होती. रोटी बिघडली तर तो बोलत असे, घेवडा बिघडला तर ती बोलत असे. आपल्याकडे इडली-डोसा पोचला तोही उडुपीच्या माणसांच्या पाठोपाठ. त्यांनी हॉटेलं काढली, स्वतः खाल्लं, इथल्यांना खाऊ घातलं, आणि आज पाचोऱ्यातलं पोरगंही सांगतं की डोसा चिवट झाला. दोन चुली एकत्र आल्या तिथे नवं आणि चांगलं निपजलं. मेक्सिकन खाण्याबरोबर आपल्याकडे माणूस आलाच नाही. सॉसची बाटली, मसाल्याची पुडी आणि मेन्यूकार्ड आलं. पुडी कुणालाही टोकत नाही.

हौशी : माणूस इकडे आला नाही, पण इकडून एक गेला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रज सरकार मागावर, मायदेशी परतायची सोय नाही, म्हणून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, मक्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, मक्याचा संकर करून पाहिला. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना पंगतीच्या मुख्य जागी बसवून भाकरी मोडताना रंगवलं. विचार कर, मेक्सिकोच्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर अन्न वाटून देणारा माणूस म्हणून एक वऱ्हाडाशेजारचा मराठी माणूस आहे! १९६७ मध्ये नागपुरात ते वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. तो माणूस ज्वारीच्या मुलखातून गेला होता, तोर्तिया त्याच्या घरची नव्हती. तरी त्या दाण्यात तो इतका उतरला की त्या लोकांनी त्याला आपला मानला. मी तेवढंच मागतो. परक्या अन्नात प्रेमाने उतरायची मुभा.

साशंक : मुभा कुणी नाकारत नाही, आणि खानखोज्यांचं नाव काढलंत हे बरं केलंत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, ही खंत मला नेहमी वाटते. पण ते तिथे कसे उतरले? राहून. त्या शेतकऱ्यांच्या शेतात उभं राहून, त्यांच्याकडून शिकून आणि मग शिकवून. कित्येक वर्षं. आपण एका संध्याकाळी पन्नास-शंभर रुपयांत मेक्सिको मागतो. परक्या अन्नावर प्रेम करायचं तर त्याच्या कष्टाची बाजू आधी घ्यावी लागते. तुम्ही रात्रभर मका भिजवलात, पाट्यावर वाटलात, ती बाजू तुम्ही घेतलीत. म्हणून तुमच्याशी मी एवढं बोलते आहे. कॅफेवाल्याने ती घेतलेली नाही.

हौशी : मग मी आता माझं म्हणणं बदलून मांडतो. चूक काढणारा खाणारा पाचोऱ्यात नाही असं तू म्हणतेस, ते टाकोपुरतं खरं आहे. पण टाको तीन-चार गोष्टींचा मिळून होतो, आणि एकेका गोष्टीचा जाणकार आपल्याकडे आहे. पीठ घे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, शिरपूर-चोपड्याच्या वर, पावरा आणि भिल्ल घरांत मक्याची भाकरी रोजची आहे. घरचा पांढरा मका अजून काही जण राखून आहेत. त्या बाईपुढे माझी तोर्तिया ठेव. ती मेक्सिकोला गेलेली नाही, पण दाणा जुना आहे की नवा, पीठ उतरलं की नाही, हे ती हातात धरूनच सांगेल. मिरची घे. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची वाळते तेव्हा गाव लाल दिसतं. तिथला व्यापारी जरेला आणि फापडा वासावरून वेगळी करतो. मेक्सिकोत अंचो, ग्वाहियो, चिपोत्ले यांतला फरक करणारा माणूस याहून वेगळं काय करतो? आणि भाजणं-करपवणं घे. तुला ओआहाकाचा काळा मोले ठाऊक असेल.

साशंक : ठाऊक आहे. सुक्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, तीळ, सुकामेवा, टोमॅटो, लवंग, दालचिनी, मिरी, तव्यावर जाळलेली तोर्तिया आणि थोडं कडवट चॉकलेट. सगळं वाटून तासन्‌तास शिजवायचं. एक क्षण जास्त झाला तर कडू होतं, एक क्षण कमी पडला तर फिकं.

हौशी : आणि आमच्याकडे काळा मसाला करताना काय असतं? कांदा निखाऱ्यात घालून वरचं साल कोळसा होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं पेटवून काळं करायचं, मिरच्या तेलावर धरायच्या. कुठे थांबायचं हे खान्देशातल्या कुठल्याही घरातली म्हातारी नुसत्या धुरावरून सांगते. तिला मोले दे. चॉकलेटला ती बिचकेल, मान्य. पण करपवण्यात चूक झाली असेल तर पहिल्या बोटालाच पकडेल. तू म्हणालीस चूक काढणारे नाहीत. मी म्हणतो, ते आहेत, त्यांना आपण कधी पंगतीला बोलावलंच नाही. कॅफेचा मालक टाको घेऊन जातो कॉलेजच्या पोरांकडे, आणि ज्यांच्या जिभेला मका, मिरची आणि करपणं कळतं त्या बायका त्या दारात कधी पाऊल टाकत नाहीत.

साशंक : इथे तुम्ही मला थांबवलंत. चीज आणि अवोकाडोपासून सुरुवात केली की आपण आंधळे, चुना, मिरची आणि करपण्यापासून केली की आपण डोळस. हे मला सुचलं नव्हतं. तरी माझी एक अडचण उरते. सातपुड्यातली बाई तुमच्या तोर्तियात चूक काढील ती भाकरीच्या मापाने. ती म्हणेल, जाड कर, मोठी कर. काळा मसाला करणारी म्हातारी म्हणेल, चॉकलेट काढ आणि खोबरं वाढव. तुम्ही ऐकलंत तर काही वर्षांनी एक उत्तम पदार्थ हाती येईल. मी तो आनंदाने खाईन. पण त्याला मेक्सिकन म्हणायचं का? ज्यांनी हजारो वर्षं हा दाणा घडवला, त्यांचं नाव लावायचं आणि त्यांच्यातला एकही माणूस चाखायला नाही, हे मला रुचत नाही.

हौशी : आणि नाव नाही लावलं तर ऋण कसं सांगायचं? चुन्याची रीत मला सातपुड्याने दिली नाही, त्यांनी दिली. 'खान्देशी मक्याची पोळी' असं लिहिलं तर ती चोरी होईल. तुझ्या म्हणण्याने नाव लावलं तर खोटं, माझ्या म्हणण्याने नाही लावलं तर कृतघ्नपणा. यातून वाट मला दिसत नाही.

साशंक : मलाही दिसत नाही. ती वाट आपण दोघांनी बोलून निघणार नाही. पदार्थ आधी बाजारात यायला हवा आणि लोकांनी तो वर्षानुवर्षं खायला हवा. तोवर एवढं तरी होऊ शकतं की कुणी एकाने अर्धवट दहा पदार्थ न विकता एक पदार्थ नीट विकावा. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता, म्हणजे किलोला चोवीस. त्यात घरभराच्या पोळ्या होतात. चुना, मिरची, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर, सगळं इथलं. प्रोसेस्ड चीजपेक्षा हे स्वस्तच पडेल. खर्च येईल तो वेळेचा आणि पाट्याचा. पाट्याऐवजी इडलीच्या पिठाचं दगडी वेट ग्राइंडर चालेल.

हौशी : चालेल, पाणी बेताने घातलं तर. आणि मका कुठून आणायचा?

साशंक : पांढरा आणा. सातपुड्यातून, जे तो राखून आहेत त्यांच्याकडून, आणि हमीभावापेक्षा जास्त भाव देऊन. तुमची उमेद मला पटली असं नाही, माझी शंका कायम आहे. पण पाचोऱ्यात, भडगावात, चाळीसगावात ज्यांची खाण्याची दुकानं आहेत त्यांना माझी विनंती आहे : मेन्यूकार्डावर मेक्सिकन म्हणून एकच ओळ ठेवा, ती चुन्यात शिजवलेल्या मक्याची असू द्या, आणि पहिल्या दिवशी ती भाकरी थापणाऱ्या बायकांना फुकट खाऊ घाला. त्या काय म्हणतात ते लिहून घ्या.